आज पाट मांडलेला नाही

— हो, नवस मीही बोलले होते, ताई. तुम्ही आत्ता उंबऱ्यात उभ्या राहून जे पुटपुटलात ना, ओटी भरू दे म्हणजे मागशील ते देईन, अगदी तसाच. फक्त मी जास्तीचा शहाणपणा केला, काय देईन तेही सांगून टाकलं. मोहटादेवीच्या गडावर, चैत्रातल्या उन्हात, पायऱ्या अशा तापलेल्या की पाय टेकवत नव्हता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, येणारी-जाणारी माणसं पोटाकडे आधी बघायची आणि मग तोंडाकडे — तुम्हाला काय सांगायचं ते, तुम्ही त्यातूनच जाताय. तर मी डोळे मिटले आणि म्हणाले, आई, एक लेकरू दे, मी ते तुझंच म्हणून वाढवीन. तुझंच म्हणून. ऐकायला किती गोड वाटतं, नाही? देवीनं ऐकलं की नाही ते तिचं तिला माहीत. पण शेजारी सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि त्या एकदा ऐकलेलं विसरत नाहीत.

बसा ना. उभ्या नका राहू. पिशवी तिथं भिंतीला टेकवून ठेवा. राहुरीवरून आलात म्हणजे बसनं एमआयडीसीच्या फाट्यावर सोडलं असेल, तिथून चालतच आला असणार तुम्ही — चेहऱ्यावर दिसतंय. पाणी घ्या. चहा टाकते मी, साखर चालते ना? नाही, ती घरात नाही. शुक्रवार आहे, खरंय. तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला कुणी खोटं सांगितलं नाही. शुक्रवारी आतल्या खोलीत पाट मांडलेला असतो, त्यावर लाल खण, समोर समई, आणि पाटावर माझी संस्कृती. पण आज सासूबाई संगमनेरला गेल्यात, त्यांच्या भाच्याकडे बारसं आहे, संध्याकाळच्या आत काही येत नाहीत. म्हणून मी तिला शाळेत पाठवलं. दुसरीत आहे ती. शुक्रवारची शाळा तिनं किती महिन्यांत पाहिली नव्हती — सकाळी दप्तर भरताना मला विचारते, आई, शुक्रवारी कोणता तास असतो गं पहिला? मला कुठं माहीत. म्हटलं, जाऊन बघ आणि मला येऊन सांग.

रागावू नका. एवढ्या लांबून आलात, रिकाम्या हातानं पाठवायला मलाही जिवावर येतं. पण मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय आणि ती सांगायला पुन्हा असा शुक्रवार मला मिळायचा नाही. घर मोकळं कधी असतं आमचं?

तिचा फोटो बघूनच आलात ना? मोबाईलवर आलेला? तोच तो — हिरवं परकर-पोलकं, कपाळभर कुंकू, आणि डोळे असे वर लागलेले. पलीकडच्या राहीबाईंनी काढला तो नवरात्रात. खाली काय लिहिलंय तेही मी वाचलंय. साक्षात देवी. वाईट मनानं नाही हो केलं त्यांनी, त्यांना खरंच तसं वाटलं. मलाही तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा काटा आला अंगावर. पण ताई, ते डोळे वर लागलेले नाहीत. तिचे गाल वाढलेत. खालचा जबडा दोन्हीकडून फुगलाय, वरचाही, आतून हाड पसरलंय, त्यानं खालची पापणी ओढली जाते आणि बुबुळाखालचं पांढरं दिसतं. तेवढंच आहे. ती कुठं वर बघत नसते, ती तुमच्याकडेच बघत असते. खाली मुंगी जाताना बघत असली तरी माणसाला वाटतं, आकाशात काय बघतेय ही.

तीन वर्षांची होईतो काही नव्हतं. गुटगुटीत पोर, सगळे गालगुच्चे घ्यायचे. मग गाल वाढतच गेले. आधी मला वाटलं बाळसं, मग वाटलं गालगुंड असेल — शेकलं, लेप लावला, मारुतीला तेल घातलं. दुखत काहीच नव्हतं तिला, ताप नाही, काही नाही. दात मात्र वेडेवाकडे यायला लागले, काही आलेच नाहीत. भाकरी चावता येईना, कुस्करून दुधात द्यायची. आणि सासूबाई एक दिवस तिच्याकडे बघत बसल्या होत्या, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "अश्विने, तू काय बोलली हुतीस गडावर, आठवतंय का? देवीनं आपलं मानूस वळकून घेतलंय. रूप बग तिचं. हे काय मानसाचं रूप हाय व्हय?" मी म्हटलं, आई, डॉक्टरला दाखवू. तर म्हणाल्या, "दाखव की. डागदर काय सांगनार हाय, त्यालाबी वरच बगावं लागंल."

तसं त्या वाईट नाहीत. तुम्हाला वाटेल सासूच्या कागाळ्या करतेय. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला पाण्याचा हंडा उचलू दिला नाही, अजून हिची दूध-भाकरी त्याच कुस्करतात, एक कण टोचला तर चालत नाही त्यांना. प्रेम आहेच. प्रेम आहे म्हणून तर मला काही बोलता येत नाही.

आमच्या ह्यांनी मग कंपनीतून सुट्टी काढली आणि आम्ही तिला दातांच्या कॉलेजात नेलं, मोठं हॉस्पिटल आहे ते. तिथं मेहरीन मॅडम भेटल्या. तरुण आहेत, पण हात इतका हलका की पोरीनं पहिल्याच दिवशी तोंड उघडलं. त्यांनी मोठा एक्स-रे काढला, सगळा जबडा एका पट्टीत येतो तसा, आणि उजेडावर धरून मला दाखवला. ताई, हाड असं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. जिथं भरीव पांढरं असायला हवं तिथं सगळे फुगे. साबणाच्या फेसासारखे, एकाला एक लागून. आणि त्या फुग्यांमध्ये तिचे न आलेले दात तरंगत होते, एक इकडे, एक तिकडे. मी विचारलं — तोच शब्द आला तोंडात, दुसरा येईना — कॅन्सर आहे का? तर म्हणाल्या, नाही ताई, मुळीच नाही, साधी वाढ आहे ही. साधी. इतका बरा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी तिथंच बाकावर बसून रडले, आणि मनातल्या मनात देवीला साडी बोलून मोकळी झाले. अजून नेसवलीही नाहीये ती, कपाटात आहे.

मग त्यांनी ह्यांना विचारलं, तुमचा लहानपणचा एखादा फोटो आहे का? हे एक्स-रेचं पाकीट उलटसुलट करत बसले. मला वाटलं, नसेल. घरी आल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, त्यात शाळेच्या गटाचा एक फोटो होता, चौथीतला. मी बोट फिरवत शोधत होते, हे कुठले, हे कुठले — आणि सापडले. पहिल्या ओळीत, मांडी घालून. हेच गाल. हेच डोळे, वर. शाळेत यांना भोपळ्या म्हणायचे म्हणे. मला इतक्या वर्षांत सांगितलं नाही कधी. मिसरूड फुटलं तसं हळूहळू ओसरलं सगळं, हाड भरून आलं, आता तुम्ही त्यांना बघितलंत तर काही कळणार नाही, जबडा जरा रुंद आहे एवढंच. मी फोटो सासूबाईंपुढे धरला. म्हटलं, आई, हे बघा, हे आपल्या घरातलंच आहे, यांना झालं होतं तेच तिला झालंय. त्यांनी फोटोकडे बघितलंच नाही, ताई. पाठ फिरवून तांदूळ निवडत बसल्या. तशाच म्हणाल्या, "माझ्या कान्हूला काय बी नव्हतं झालं. खाऊन-पिऊन सुकी हुता त्यो." मग मला कळलं. देवीनं दिलं म्हटलं तर मान आहे, रक्तातून आलं म्हटलं तर कुणाचं रक्त ते सांगावं लागतं. त्यांचे मालक म्हणे तसेच होते लहानपणी, हे एकदा त्यांच्याच तोंडून निसटलेलं. कुठली आई म्हणेल हो, माझ्याच घरातून आलं?

चहा घ्या, निवतोय. नाही, माझा नको, मला सध्या चहाचा वास सोसत नाही.

मेहरीन मॅडमना मी विचारलं, होतं काय नक्की आत? मला समजेल असं सांगा, मी बारावीपर्यंत शिकलेय. त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, आपलं हाड म्हणजे दगड नाही, त्यात रोज काम चालू असतं. काही पेशी हाड खातात, काही पेशी पुन्हा बांधतात, आणि दोघींना निरोप जात असतात, आता खा, आता थांब. निरोप पोचवणारे पदार्थ असतात शरीरात. काम झालं की शरीरच त्यांना मोडून टाकतं, तसं मोडायलाच हवं. संस्कृतीच्या शरीरात तसा एक निरोप्या आहे, त्याच्या घडणीत अगदी एवढासा फरक आहे, आणि त्या फरकामुळे शरीराला तो मोडायचा ओळखूच येत नाही. निरोप देऊन झाला तरी तो तिथंच. साचत जातो. आणि सारखा म्हणत राहतो — खा, खा, खा. मग हाड खाणाऱ्या पेशी धावत येतात, आणखी येतात, सूज येते, ती सूज आणखी निरोप धाडते. रिकाम्या झालेल्या जागेत मऊ मांस भरतं. म्हणून गाल. मी विचारलं, मग सगळ्या अंगाची हाडं सोडून जबडाच का? तर म्हणाल्या, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, दात येण्याच्या वयाशी काहीतरी असावं. मला ते फार आवडलं. माहीत नाही म्हणणारी माणसं भेटत नाहीत. आमच्या घरात तर सगळ्यांना सगळं माहीत असतं.

पण मग औषध? मी पदर खोचूनच बसले होते, की आता सांगतील आणि मी करीन. पथ्य सांगा, उपास सांगा, रोज या म्हणा, नगरला काय, पुण्याला म्हटलं तरी नेईन. तर म्हणाल्या, काही करायचं नाही. सध्या नुसतं लक्ष ठेवायचं. फार वाढलं, गिळायला नाहीतर श्वासाला त्रास व्हायला लागला तर खरवडून काढावं लागेल, पण वाढीच्या वयात उगाच हात लावला तर पुन्हा भरून येतं. वयात आली की बहुतेक आपोआप ओसरायला लागेल, वडिलांचं ओसरलं तसं. पुढे दातांचं बघू. गोळ्या? गोळ्यांवर काम चाललंय म्हणाल्या, त्या निरोप्याला गप्प करणाऱ्या, पण खात्रीचं असं काही नाही हातात. थांबायचं.

तुम्ही सांगा, थांबणं हे काय काम झालं? मी सोमवार करते, शुक्रवार करते, चतुर्थी सोडत नाही. सोळा सोमवार सांगितले असते तर बत्तीस केले असते. मला करायला काहीतरी हवं असतं हो, मी तशीच आहे. आणि मी काही करीना, मॅडम काही करीनात, तिथं सासूबाईंनी केलं. पाट मांडला. घरात कुणीतरी काहीतरी केलं म्हणून ह्यांनाही बरं वाटलं असेल. पहिल्या शुक्रवारी मीच तिची वेणी घातली.

त्यानंतर मग बायका यायला लागल्या. आधी गल्लीतल्या, मग फोटो फिरला, मग लांबलांबच्या. निरोप गेला तो गेला, आता पुरे म्हणायला कुणी नाही. प्रत्येक बाई तिचे गाल चाचपते. हळद लावते, कुंकू लावते, काही जणी दाबून बघतात. ती हलत नाही. आणि तुम्हाला सांगू, तिला कळलंय आता काय केलं की माणसं खूश होतात. पापणी न लवता बसते. हनुवटी जरा खाली घेते, म्हणजे डोळ्यांचं पांढरं जास्त दिसतं. हे तिला कुणी शिकवलं नाही. मी एकदा बघितलं, पाट नसताना, आरशापुढे उभी राहून तसं करून बघत होती. एवढी पोर. मला तिथून पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना.

आणि गेल्या महिन्यात एक बाई पुन्हा आली. तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच शांत. आधी येऊन गेली होती, संस्कृतीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, सासूबाईंनी तोंड भरून सांगितलं होतं, वरीस उलटायच्या आत घरात पाळना हलंल. राहिलंही होतं म्हणे तिला, आणि मग गेलं. ती भांडायला नव्हती आली हो. ती नुसती पाटापुढे बसली आणि संस्कृतीला विचारलं, का गं? एवढंच. का गं? आणि गेली उठून. त्या दिवशी पोर जेवली नाही. मी घास भरवायला गेले तर म्हणते, आई, मी मनापासून ठेवला होता गं हात.

म्हणून तुम्हाला मी आत घेतलं नाही, ताई, इथंच ओटीवर बसवलं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, मला दिसतंय, पण ऐका. तुम्ही आज तिच्या हाताखाली डोकं ठेवाल. मग घरी जाल, दिवस मोजाल. झालं तर पेढे घेऊन याल आणि पाट आणखी उंच होईल. नाही झालं तर तुम्ही नाही येणार, तुम्ही तशा दिसत नाही, पण तिला माहीत असेल. ती प्रत्येकीचं लक्षात ठेवते. मला विचारते, त्या निळ्या साडीवाल्या मावशींना झालं का बाळ? पाळीचं, औषधाचं, नवऱ्याच्या तपासणीचं हे सगळं तिच्या डोक्यावर कशाला? तुमच्या ह्यांनी तपासून घेतलंय का? नाही ना. बघा. तेवढं करा आधी. बायकांनीच सगळे उंबरे झिजवायचे आणि त्यांनी बाहेर पारावर बसायचं. आमच्या ह्यांचंही तसंच होतं.

मॅडमनी आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी येऊन भेटा. हे बापाकडून आलंय, पुढच्यालाही येण्याची शक्यता निम्मी असते. नाणं उडवल्यासारखं, दर वेळी नव्यानं. झालंच तर किती होईल तेही सांगता येत नाही, एखाद्याला थोडं, एखाद्याला फार. तपासणी करता येते पोटात असतानाच, पण वेळेत यावं लागतं. आणि आता वेळ जातोय, आणि मी — 

नाही, काही नाही.

असू दे. तुम्ही बाई आहात, चहाचं म्हटलं तेव्हाच तुमच्या लक्षात आलं असणार. हो. दुसरा महिना सरत आलाय. घरात कुणालाच नाही सांगितलं, ह्यांनाही नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय, आणि तुम्हालाच सांगायला नको होतं. तुम्ही एका लेकरासाठी इतक्या लांब उन्हात चालत आलात आणि मी इथं बसून — मला माफ करा. मला न मागता मिळालंय आणि मला त्याचं काय करावं कळत नाही. तपासायला गेले तर मॅडम सांगतील, आहे किंवा नाही. नाही म्हणाल्या तर प्रश्नच नाही. आहे म्हणाल्या तर? संस्कृतीसारखं असेल तर नको, असं म्हणू? कुणाच्या तोंडानं म्हणू? ती घरात खेळत असणार, पलीकडच्या खोलीत, आणि मी इकडे ठरवणार की तिच्यासारखं आणखी एक नको. आणि नाही तपासलं तर रोज पोटावर हात ठेवून आत ते नाणं फिरतंय असं वाटत राहणार. गडावर जाईन म्हटलं. पण जाऊन मागू काय? आजवर कधी असं झालं नाही हो, की देवीपुढे उभी राहीन आणि काय मागायचं तेच कळणार नाही.

गेल्या आठवड्यात — हे मी सांगत नाही कुणाला. दुपारची वेळ होती. सासूबाई बाहेर पडल्या होत्या. संस्कृती जेवून आतल्या खोलीत झोपली होती, पाय पांघरुणाबाहेर. पाटावरचं कुंकू तिच्या पावलांना लागलेलं होतं, पुसलं नव्हतं कुणी. मी तिथं उभी होते. मी कशी बसले, कधी वाकले, मला नाही सांगता येणार. माझं कपाळ तिच्या पावलांवर होतं. मी, जी रोज म्हणते हे थांबवा, मीच. आणि मी बोलले. मनात नाही, तोंडानं बोलले. म्हटलं, पोटातलं लेकरू साध्या गालांचं दे.

ती झोपली नव्हती.

उठून बसली, हनुवटी खाली घेतली — तशी — आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. जसा सगळ्यांच्या ठेवते तसा, तेवढाच वेळ. मग काढून घेतला आणि म्हणाली, झालं, आई.

झालं, आई.

तिला सगळं समजलंय आणि ती माझ्याशी तशीच वागते. काल तर उशी आणून दिली पाठीला, विचारलं, बाळ दुखवतं का गं तुला? मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस. म्हणाली, नाही सांगत, माझ्याकडे पुष्कळ जणींचं आहे न सांगायचं.

मग मी देवघरात गेले. मी दुसरं काय करणार, मला तेवढंच येतं. आणि आजवर सगळे नवस काहीतरी मागून बोलले, हा एकच न मागता बोलले. म्हटलं, आई, तुझ्यापुढे हात जोडीन, मरेपर्यंत जोडीन, पण हिच्यापुढे पुन्हा जोडणार नाही. ही माझी. हिच्याकडे काही मागणार नाही, गालांचं नाही, पोटाचं नाही, कशाचंच नाही. त्यात दुसरं काही नाही. आज शाळेत पाठवलं ती त्याचीच सुरुवात म्हणा. पुढच्या शुक्रवारचं मला माहीत नाही. सासूबाई आल्या की कळेलच त्यांना, राहीबाई सांगतील, तुम्हाला इथं बसलेलं त्यांनी बघितलंय मघाशी. नवरात्र जवळ आलंय, सासूबाईंनी गल्लीला शब्द दिलाय, नऊ दिवस बसवीन म्हणून. मी नको म्हटलं तर म्हणतील, "तूच वाहिली हुतीस की." आणि ते खरं आहे. ह्यांच्याकडे बघीन, ते मोबाईलमध्ये बघतील. आणि उद्या वयात आली, गाल ओसरले, की हीच माणसं म्हणतील, देवी गेली अंगातली. मग पाटावरून उतरवतील. तेव्हा ती कोण असेल, सांगा ना? देवी नाही, आणि पोर व्हायला तर कुणी दिलंच नाही.

किती वाजले? सुटली असेल शाळा. वळणावर रिक्षा सोडते, तिथून चालत येते ती, गिरणीवरून. तो पिवळा रिबिनीचा ठिपका दिसतोय ना — तीच.

तुम्ही आता लगेच उठू नका, तिला वाटेल माझ्यामुळे उठल्या. ती खणा-नारळाची पिशवी तेवढी पायाआड सरकवा. आणि ताई, एवढं ऐका माझं. ती दारात आली की तुमच्याकडे बघून थांबेल. बाई दिसली की थांबते ती, सवय झालीय, दप्तर खाली ठेवील आणि हनुवटी खाली घेईल. तुमचे हात आपोआप वर येतील, माझेही येतात. ते येऊ देऊ नका. मांडीवर असे एकमेकांत अडकवून ठेवा, मी ठेवते तसे. मी रोज तिला दारात एकच विचारते, डबा संपवला का. लापशी असते, सावकाश खाते, अर्धी सुट्टी त्यातच जाते तिची. तुम्हीही तेवढंच विचारा. दुसरं काही नको. विचाराल ना —

आलीस गं?